कोंबड्या बसतात ती जागा

बिरवाडी, ८ मार्च २००७

आलिमाच्या अब्बांना हलिमाचा सलाम.

नकाशा मिळाला. मुश्ताकभाईंनी टेम्पो दाराशी लावला, हॉर्न वाजवून निम्मी चाळ गोळा केली आणि मग ती गुंडाळी माझ्या हातात दिली. तुमच्या या चुलतभावाला कुठलीच गोष्ट गुपचूप करता येत नाही. एवढा मोठा कागद भाड्याच्या खोलीत पसरायला जागा नव्हती, म्हणून अम्मांच्या खाटेवर पसरला. तुमच्या मातोश्री दिवसभर जमिनीवर बसून आल्यागेल्याला बोट लावून दाखवत होत्या, हा हॉल, हा जिना, ही गच्ची. वाचता येत नसलं तरी एसीच्या जागा त्यांना बरोबर सापडतात, कारण तिथे तुम्ही लाल पेनाने चौकोन काढले आहेत. पाच चौकोन.

नकाशा सुरेख आहे. दोहात बसून काढलाय, एवढाच त्याचा दोष. मोहल्ल्याच्या मागची आपली चढावरची जागा तुम्हाला आठवते ना, पुराचं पाणी जिथे पोचलं नाही ती? त्या जागेला रस्ता पश्चिमेच्या बाजूने आहे. तुमच्या बंगल्याची सगळी काच त्याच बाजूला आहे. एसी दुरुस्त करणाऱ्या माणसाने हे बघायला हवं होतं.

काल फोनवर तुम्ही विचारलंत, "आवडला ना?" मी हो म्हटलं. अम्मा मांडीला मांडी लावून बसल्या होत्या. फोनवर मी कायम हो म्हणते, म्हणून तर पत्र लिहिते.

नकाशा घेऊन मी महाडला एका कंत्राटदाराकडे गेले. त्याने चष्मा पुसला, पानं उलटली आणि म्हणाला, "दोन कराराचं काम आहे, भाभी." आपल्याकडे बंगले आता रुपयांत मोजत नाहीत, नवऱ्यांच्या करारात मोजतात. फरशीला सहा महिने, जिन्याला चार. दोन वर्षांचा एक करार, म्हणजे अजून चार वर्षं. आलिमा आज अकराची आहे, तुम्ही याल तेव्हा पंधराची होईल आणि तुमच्यासमोर डोक्यावर ओढणी घेऊन पाहुण्यासारखी उभी राहील.

पुरानंतर तुम्ही वीस दिवसांसाठी आला होतात. पडलेल्या घराच्या चिखलात उभं राहून तुम्ही अम्मांना शब्द दिलात, की एसीचा बंगला बांधीन. मी तिथेच फावडं घेऊन उभी होते. मला कुणी काही विचारलं नाही.

बाकी ठीक. तुमच्या घोरण्यावरून कॅम्पात अजून भांडणं होतात का? मुश्ताकभाई म्हणत होते, खोलीतल्या सहाजणांनी तुमची खाट दाराशी ढकललीय. अम्मांना सांगितलं तर हसल्या. म्हणाल्या, "उबेद घोरत नसला ना गो, तर समज जागा हाय. लहानपणी शाळा चुकवायला झोपेचं सोंग घ्यायचा, मी लांबनंच वळखायची."

तुमची,
हलिमा


बिरवाडी, २९ एप्रिल २००७

सलाम.

परवा फोनवर तुम्ही एसीचं बोलताना छान समजावून सांगितलंत. खोलीत उष्णता शिरते ती सगळ्यात जास्त छतातून, मग पश्चिमेच्या भिंतीतून, मग काचेतून. मी ते आलिमाच्या वहीत लिहून घेतलं. तुम्हाला वाटलं असेल बायकोला एसीची गोडी लागली. असू दे.

काम सुरू केलं आहे. कंत्राटदार घेतला नाही, गवंडी घेतला, उमरठचा सहदेव. साठीचा आहे, कानात भिकबाळी असावी तसा विडीचा तुकडा असतो. पहिल्या दिवशी त्याने दोरीसुद्धा सोडली नाही. भर दुपारी आपल्या जागेवर आंब्याच्या बुंध्याशी बसून राहिला. मला वाटलं म्हातारा दिवसाचा रोज फुकट घेणार. संध्याकाळी विचारलं तर म्हणाला, "भाभी, कागद नंतर. मानसाला उन्हाचं काय कळतंय? कोंबडीला इचारा. भर दोपारी ती जितं बसल, तितं झोपायची खोली."

मग मीही तीन दुपारी छत्री घेऊन बसले. शेजारच्या कोंबड्या सकाळभर जागाभर उकरतात आणि बारा वाजले की एकेक करून पूर्वेच्या कोपऱ्यात, आंब्याच्या अलीकडे जाऊन मातीत पोट टेकतात. तीनही दिवस तीच जागा. मी तिथे जाऊन बसले, त्या कटकट करत उठल्या. सावली तर आहेच, पण सावित्री नदीकडून तीनच्या सुमाराला सुटणारा वाराही तिथे वळून येतो. चार हात पुढे सरकलं की वारा नाही. लग्नाला बारा वर्षं झाली, ही जागा आपली आहे, आणि हे मला कोंबड्यांनी सांगितलं.

तुमचा नकाशा पत्र्याच्या पेटीत जपून ठेवला आहे. उंदीर लागू देणार नाही.

जोतं पावसाआधी पुरं होईल. बाकीचं भेटीत.

हलिमा


बिरवाडी, १८ नोव्हेंबर २००७

सलाम.

तुम्ही तीन महिने फोनवर माझ्याशी बोलला नाहीत. अम्मांशी बोलता, आलिमाला "अभ्यास कर" म्हणता आणि ठेवता. ऑगस्टची रजाही घेतली नाहीत, रजेचा पगार घेतलात. ईदला तुमच्या वाटणीच्या शेवया मी खाल्ल्या, रागाने दोन वाट्या.

मुश्ताकभाईंनी तुम्हाला घराचं सांगितलं, हे मला कळलं आहे. त्यांच्यावर माझा राग नाही, आमचा जांभ्याचा चिरा त्यांचाच टेम्पो वाहतो, ते बघणारच. आता मीच सांगते.

स्लॅब नाही. जिना नाही, वरचा मजला नाही. भिंती चिऱ्याच्या आहेत, आतून मातीत रचलेल्या, बाहेरून सिमेंटने सांधे भरलेले. वर कौलं. पडलेल्या घराची कौलं मी आणि आलिमाने चिखलातून काढून, नारळाच्या काथ्याने घासून ठेवली आहेत, हजाराच्या वर धड निघाली. ऐनाच्या लाकडाचे जुने वासेही. कौलाखाली माळा, त्यावर सहदेवच्या डोंगरातल्या कारवीच्या काठ्या आणि मातीचा जाड लेप, म्हणजे कौल तापलं तरी ताप खाली उतरणार नाही. चारी बाजूंनी चार चार फूट पडवी. पश्चिमेला खिडकी नाही. हे सगळं तुमच्याच बोलण्यातून काढलं आहे, पहिलं छत, मग पश्चिम, मग काच. वही अजून आहे.

खोटं बोलले ते बोलले. लपवलं हे माझं चुकलं, आणि त्याची माफी मागते. घराची मागणार नाही.

तुम्ही मुश्ताकभाईंना म्हणालात म्हणे, "सगळा मोहल्ला स्लॅबखाली गेला आणि माझी बायको मला पुन्हा मातीत घालते." तुमचे शब्द लागले. पण मोहल्ल्यातले स्लॅब कधी बघितलेत का? दोन पावसाळ्यांत गळतात. मग त्यावर लोखंडी सांगाडा उभा करतात आणि वर पत्रे घालतात. आधी छत, मग छताला छत. दुपारी लाईट जाते ती चार चार तास येत नाही, आणि बंगल्यातल्या बायका सतरंजी घेऊन आमच्या चाळीमागच्या पिंपळाखाली येऊन बसतात. दोन एसीवाल्या आहेत त्यांत. पिंपळाखाली सगळ्या सारख्याच.

उंटावरून शेळ्या हाकू नका असं म्हणणार होते, पण तुम्ही खरंच उंटांच्या देशात आहात, म्हणून सोडून देते.

जिना गाळला तेव्हा मी मनात म्हटलं, चार महिने कमी झाले. काच गाळली, अजून तीन. मी घर बांधत नव्हते, तुमच्या करारातले महिने खोडत होते. हिशेबाने तुम्ही दोन हजार नऊमध्येच कायमचे घरी येऊ शकता. महाडला एसीच्या दुरुस्तीचं एक दुकान टाकून भागेल, कारण आपल्या घराला लाईटबिल येईल ते दोन दिव्यांचं आणि एका पंख्याचं.

मला बंगला नको आहे. मला तुम्ही घरात हवे आहात. हे फोनवर अम्मांच्या शेजारी बसून कसं बोलणार होते?

हलिमा


नवीन घर, ३ एप्रिल २००८

सलाम.

वरचं ठिकाण वाचलंत ना. परवा राहायला आलो. दूध उतू घालायचं शेजारणी सांगत होत्या, अम्मांनी फातेहा दिला, सहदेवने नारळ फोडला. जो तो आपापल्या परीने. घराला सगळंच मानवलेलं दिसतं.

एक गोष्ट तुम्हाला आवडेल, मला आवडलेली नाही. पुढचा हॉल स्लॅबचा आहे.

अम्मा महिनाभर जेवताना बोलत नव्हत्या. मग एक दिवस जोत्यावर येऊन बसल्या आणि रडल्या. "गो हलिमा, माझं घर नदीनं नेलं. लोकं बोलतात, दोहाला पोरगा नि घर बघा कसलं. मला एक खोली दे गो, लोकांनी यावं नि वर बघावं." मी वाद घालायला तोंड उघडलं होतं. पण त्या दोन हातांनी जोत्याचा चिरा धरून बसल्या होत्या, जणू तोही वाहून जाईल. मी हो म्हटलं. फोनवर म्हणते तसं नाही, खरंच.

तर दहा बाय बाराचा हॉल, वर स्लॅब, पिस्ता रंग, नवा पंखा. सहदेव स्लॅब ओतताना सारखा मान हलवत होता. "या जागंवर कोंबडी कंदी बसली नाय, भाभी." मग स्वतःच म्हणाला, "पन ऱ्हाऊ दे. पच्चिमेचं ऊन ही खोली अंगावर घील, आतल्या घराला लागनार नाय." म्हणजे अम्मांच्या हौसेने आतल्या घराला छत्री झाली.

हॉलमध्ये दुपारी पाय ठेववत नाही. भिंतीला हात लावला तर तव्याची आठवण येते. अम्मा रोज सकाळी तो पुसतात, पाहुणे आले की तिथे बसवतात, आणि पाहुणे गेले की माझ्या मागोमाग आतल्या खोलीत येऊन आडव्या होतात. मी त्यांना उशी देते.

आतली खोली कोंबड्यांच्या जागेवर आहे. कोंबड्या मात्र आमच्यावर रागावल्या आहेत.

हलिमा


१२ ऑगस्ट २००८

सलाम.

तुमची चिठ्ठी मुश्ताकभाईंच्या हातून मला पोचली. दीड वर्षानंतर तीन ओळी. मी त्या इतक्या वेळा वाचल्या, की आलिमाने विचारलं, अब्बांचं अक्षर एवढं वाईट आहे का.

तुम्ही लिहिता, मे महिन्यात येतो. दुपारी लाईट गेल्यावर तुझ्या घरात तासभर झोप लागली तर परतीचं तिकीट फाडतो. नाही लागली तर पुढचे दोन करार, माझा नकाशा, आणि तू गप्प.

कबूल. असली पैज लावणारा माणूस अर्धा घराकडे निघालेला असतो, असं मी स्वतःला सांगते आहे. आणि उरलेला अर्धा खरोखर नकाशा उलगडून बसला असेल, याची भीतीही वाटते आहे.

पैज लावलीत म्हणून माझी चूकही सांगून ठेवते, मागून मुश्ताकभाई सांगायला नकोत. आढ्याला मी गरम हवा बाहेर जायला झरोका ठेवला होता. सहदेव म्हणाला होता, "त्याचं त्वांड पुर्वेला करा." मी शहाणी, वारा पश्चिमेचा म्हणून झरोकाही पश्चिमेला केला. जुलैच्या पहिल्या झडीत पाऊस आडवा आत आला, आलिमाची भूगोलाची वही आणि अम्मांची गोधडी दोन्ही भिजली. सहदेव भर पावसात उमरठहून आला, वर चढला, झरोक्याचं तोंड फिरवलं आणि खाली उतरून चहा मागितला. एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

तेवढं सोडलं तर घराने पाऊस झेलला. पागोळ्यांचं पाणी पन्हळीने टाकीत घेतो, धुणंभांडी त्यावर होतात. माजघरात काचेची दोन कौलं बसवली आहेत, आलिमा त्याखाली पाट घेऊन अभ्यास करते आणि उजेड सरकेल तसा पाट सरकवते.

मे महिन्याची वाट बघते आहे. अम्मांना पैजेचं सांगितलेलं नाही. त्यांना सांगितलं तर मोहल्ला हॉलच्या दारात बाकडी टाकून बसेल.

हलिमा


१४ मे २००९, दुपार

तुम्ही पलीकडच्या खोलीत आहात आणि मी तुम्हाला पत्र लिहिते आहे. हसू नका. हाताला काही काम नसलं तर मी दर मिनिटाला दारातून डोकावेन.

तुम्ही येऊन आज चौथा दिवस. तीन दुपारी माणसांत गेल्या, घोटभर सरबत आणि दोहाच्या चौकशा. तुम्ही घर बघितलंत ते पाहुण्यासारखं, हात मागे बांधून. माळ्याकडे बघून "हं" म्हणालात. पश्चिमेच्या आंधळ्या भिंतीला बोटांनी टकटक केलंत, एसीवाला भिंत बघतो तसं. रात्री छान झोपलात, अख्ख्या घराने ऐकलं. पण रात्र पैजेत नव्हती.

आज पाहुणे नाहीत. जेवणं झाली आणि मी आतल्या खोलीत, इथे, चटई अंथरायला वाकले. तेवढ्यात अम्मा तुमचा हात धरून हॉलकडे निघाल्या. "हितं कुठं भुईवर झोपतोस? तुज्यासाठी हॉल केलाय, नवी खाट, नवा फॅन. माझा पोरगा स्लॅबखाली झोपंल." मी चटईचं टोक हातात धरून उभीच राहिले. काय सांगणार होते? अम्मा, तिथे झोपवू नका, तुमची ती खोली चुलीसारखी तापते आणि माझा सगळा संसार एका झोपेवर टांगलेला आहे, असं?

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मग हॉलच्या छताकडे बघितलंत. छतातून किती उष्णता उतरते हे तुमच्याइतकं महाडात कुणाला कळत नसेल. मला वाटलं, म्हणाल, आत झोपतो. तुम्ही अम्मांच्या मागोमाग गेलात आणि खाटेवर आडवे झालात. तेव्हा मला तुमचा खूप राग आला. मला हरवायचंच होतं, तर निदान माझ्या खोलीत तरी हरवायचं.

बारा चाळीसला लाईट गेली, पंखा थांबला.

एक वाजता मी पहिल्यांदा डोकावले. तुम्ही उताणे होतात, बनियन भिजला होता, डोळे मिटलेले. वाटलं, पाच मिनिटांत उठतील, बाहेर येऊन तोंडावर पाणी मारतील आणि म्हणतील, नकाशा काढ पेटीतून. मी खरंच पेटीकडे बघितलं. इथे अम्मा भिंतीकडे तोंड करून गाढ झोपल्या आहेत, आलिमाने अंगावर ओढणी घेतली आहे, म्हणजे तिला गारवा लागतो आहे. एक कोंबडी मागच्या दाराने येऊन चटईवर बसली आहे. तुमच्या चटईवर.

सव्वाला पुन्हा आले. तुम्ही तसेच होतात. कपाळावरचा घाम कानाकडे ओघळत होता आणि तुम्ही तो पुसत नव्हता. मी दारात उभी राहिले, बराच वेळ. काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, आणि काय ते कळत नव्हतं. परत येऊन इथे बसले, अम्मांकडे बघितलं, आणि मग कळलं.

हॉलमधून काहीच ऐकू येत नाही.

काल रात्री आलिमाने कानात कापूस घातला होता. कॅम्पातल्या सहाजणांनी तुमची खाट दाराशी ढकलली होती. आणि आता भट्टीत पडलेला हा माणूस, श्वाससुद्धा जपून घेतो आहे.

आत्ता तिसऱ्यांदा बघून आले. गळ्याच्या खळग्यात घाम साठला आहे, पापण्या हलताहेत, मुठीत चादर धरली आहे. डोळे मिटलेलेच. मी कपाटाशी उभी राहून तोंडात पदर कोंबून रडले. तुम्हाला ऐकू गेलं असेल, तरी तुम्ही उठला नाहीत.

दोन वर्षं मी वासे, कौलं, झरोका, कारवी यांचा विचार केला, की कशाने ही माणसं थंड राहतील, कशाने तुम्ही थांबाल. आणि तुम्ही घरातली सगळ्यात तापलेली खोली निवडून मला जिंकू देताय.

पावणेदोन झाले. तासाला पाच मिनिटं जास्तच झाली आहेत, तेवढी माझ्याकडून सूट.

हा कागद तुमच्या उशाशी ठेवते आणि पायाला हात लावून उठवते. तुम्ही डोळे चोळा, आळस द्या, "काय गाढ झोप लागली" म्हणा. मी खरं मानेन. फोनवर म्हणायची तसं, हो म्हणेन. पण आता त्या खोलीत एक मिनिटही थांबू नका. आत या, अम्मांच्या पलीकडे, आंब्याच्या बाजूला. थोड्या वेळाने वारा सुटेल.

तुमच्या चटईवरून कोंबडी उठवते.

हलिमा